रोजची छोटी सवय वर्षानुवर्षं टिकवायची कशी? खान्देशातल्या दिनक्रमासाठी सविस्तर मार्गदर्शन

‘उद्यापासून रोज पहाटे ५ ला उठायचं’ हा संकल्प खान्देशात फार दिवस टिकत नाही, आणि दर वेळी त्याला आळसच कारणीभूत असतो असं नाही. चोपडा-यावलकडच्या शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत तो बाराला मोटार चालू करायला जातो आणि चारला घरी येतो. (सौर पंपवाल्यांची यातून सुटका झाली.) भुसावळच्या रेल्वेतल्या रनिंग स्टाफची (गाडीवर जाणारे लोको पायलट, गार्ड) ड्युटी आज पहाटे, तर परवा मध्यरात्री. जळगाव एमआयडीसीतल्या कामगाराची पाळी बदलत राहते. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की स्लॅबची घरं मध्यरात्र उलटली तरी निवत नाहीत आणि झोप लागते ती पहाटेच.

अशा दिनक्रमात घड्याळाला बांधलेली सवय दुसऱ्या आठवड्यात सुटते. म्हणून सवय बांधायची ती रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला, आणि ठेवायची इतकी लहान की सगळ्यात वाईट दिवशीही ती पार पडेल. खाली जे सांगितलं आहे ते या दोन गोष्टी प्रत्यक्षात कशा जमवायच्या याबद्दल आहे.

आधी २१ दिवसांचा हिशेब सोडा

‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य. त्याचं मूळ एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. त्यातला ‘किमान’ पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी कुठलीही सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी १२ आठवडे रोजच्या नोंदी ठेवल्या. एखादी कृती आपसूक व्हायला लागणारा काळ सरासरी ६६ दिवस निघाला. मात्र कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज आला. पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर बसली, व्यायामाला बराच वेळ लागला. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

तेव्हा मनाशी ३ महिने धरून चाला. बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला तर आपल्यातच काही खोट आहे असं मानून सोडून देऊ नका. त्या दिवशी बहुतेकांना कंटाळाच येतो.

पायरी १: एकच सवय, आणि ती कृती असावी

‘वजन ५ किलो कमी करायचं’, ‘भरतीत निघायचं’, ‘कर्ज फेडायचं’ ही फळं झाली. ती आज रात्रीपर्यंत करून टाकता येत नाहीत. सवय म्हणजे हाताने किंवा पायाने करायची आणि झाली की नाही हे दुसऱ्यालाही दिसेल अशी कृती. वजनासाठी जेवणानंतर १० मिनिटं चालणं. स्पर्धा परीक्षेसाठी रोज २० प्रश्न सोडवून चुकलेले वहीत उतरवणं. किराणा दुकानदारासाठी शटर ओढण्याआधी गल्ला मोजून उधारी लिहिणं.

निवडताना एक प्रश्न विचारा: ही कृती ५ वर्षं, वर्षातले ३०० दिवस झाली तर हाती काय राहील? रोजची २ पानं म्हणजे वर्षाला ६०० पानं, जाडजूड ग्रंथसुद्धा संपतो. रोजचे २० प्रश्न म्हणजे वर्षाला ६,०००. दुकानदाराकडे ५ वर्षांनी कोणता माल कुठल्या महिन्यात पडून राहतो याचा स्वतःचा लेखी हिशेब असेल, जो कुठल्याही सल्लागाराकडे मिळणार नाही. उत्तरात काहीच ठोस येत नसेल तर ती सवय दुसऱ्या कुणाची तरी बघून घेतलेली आहे. सोडा.

एका वेळी एकच. चार सवयी एकदम धरणारे बहुतेक आरंभशूर ठरतात. कारण सरळ आहे: नवी कृती सुरुवातीला लक्षात ठेवावी लागते, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाचं तेवढं लक्ष एका कामापुरतंच शिल्लक असतं.

पायरी २: किमान माप ठरवा

प्रत्येक सवयीला दोन मापं हवीत, पूर्ण आणि किमान. पूर्ण माप चांगल्या दिवसाचं. किमान माप त्या दिवसाचं, ज्या दिवशी तुम्ही पारोळ्याच्या लग्नातून रात्री एकला परतला आहात, डोकं दुखतंय आणि सकाळी पुन्हा कामावर जायचं आहे. २ मिनिटांत होईल तेच किमान माप.

अभ्यास: पूर्ण २० प्रश्न, किमान ३. पोलीस भरतीची धाव (मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर): पूर्ण म्हणजे ठरलेला सराव, किमान म्हणजे बूट घालून गावाच्या वेशीपर्यंत जाऊन येणं. बचत: पूर्ण ५० रुपये, किमान १०. वाचन: पूर्ण १० पानं, किमान अर्धं पान.

इथे लोक हमखास बिघडवतात ते दोन प्रकारांनी. काहींना किमान माप लाजिरवाणं वाटतं, म्हणून ते ३ प्रश्नांचे १५ करतात आणि पहिल्याच वाईट दिवशी शून्यावर येतात. दुसरे पहिल्या आठवड्यात अंगात आल्यासारखे दोन-दोन तास करतात, मांड्या भरून येतात, डोळे जड होतात, आणि पाचव्या दिवसापासून गायब. पहिले १५ दिवस पूर्ण मापाच्या वर जायचंच नाही. हौस असली तरी थांबायचं. भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे जास्त पाळावं, कारण नडगीचं दुखणं एकदा मागे लागलं की आठवडे वाया जातात.

पायरी ३: सवयीला खुंटी शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. खुंटी म्हणजे आधीपासून रोज होणारं काम, ज्याला नवी सवय अडकवायची. चांगल्या खुंटीची लक्षणं चार. ती पाळी कुठलीही असो, रोज येते. तिचा शेवट स्पष्ट असतो, म्हणजे ‘संपलं’ हे कळतं. जिथे नवी कृती करायची त्याच जागी किंवा दहा पावलांवर ती घडते. आणि तिच्यानंतर लगेच दुसऱ्या कुणाची हाक येत नाही.

या कसोटीवर ‘जेवण झाल्यावर’ ही खुंटी एकत्र कुटुंबात कच्ची ठरते. जेवण नेमकं कधी संपतं? ताट उचललं की, गप्पा संपल्या की, पोरं झोपली की? त्यापेक्षा ‘माझं ताट मोरीत ठेवलं की’ ही पक्की. ‘वेळ मिळाला की’ ही तर खुंटीच नव्हे. ‘लाइट आली की’ घरातल्या कामासाठी वाईट, कारण ती रात्री बारालाही येते. शेतातल्या कामासाठी मात्र तीच उत्तम. उपयोगी पडणाऱ्या आणखी काही: धार काढून बादली खाली ठेवली की, देवाजवळ दिवा लावला की, पहिल्या चहाचा कप विसळला की, कामाचा डबा धुऊन पालथा घातला की, फोन चार्जिंगला लावला की. रेल्वे आणि पाळीवाल्यांसाठी शेवटच्या दोन सगळ्यात भरवशाच्या. पाळी कुठलीही असो, डबा धुवावाच लागतो.

मग हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ‘________ झालं की लगेच, ________ इथे, मी ________ करणार.’ उदाहरणार्थ, ‘डबा पालथा घातला की लगेच, ओट्याशेजारच्या खुर्चीवर, मी ३ प्रश्न सोडवणार.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात अशा ‘जर-तर’ आखणीवर काम केलं. नुसतं ‘मी करणार’ म्हणणाऱ्यांपेक्षा कधी आणि कुठे हे ठरवून ठेवणाऱ्यांकडून काम पार पडण्याचं प्रमाण पुढच्या कितीतरी प्रयोगांत जास्त दिसलं. कृती कधी करायची हा निर्णय आधीच झालेला असतो, त्या क्षणी मनाशी घासाघीस उरत नाही.

एक सवय जवळून: कपाशीतली सकाळची फेरी

कापूस पिकवणाऱ्यासाठी रोज का करायचं याचं चोख उत्तर गुलाबी बोंडअळीत आहे. पाहणीसाठी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणारे) लावतात, लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करायलाच हवा ती हद्द, अशी धरतात: एका सापळ्यात रोज ८ पतंग, आणि तेही सलग ३ दिवस. आता हे ‘सलग ३ दिवस’ आठवड्यातून एकदा चक्कर मारणाऱ्याला कळणार कसं? त्याला रविवारी पिशवीत ४० पतंग दिसतील. ते रोज सहा-सहा पडले की शेवटच्या दोन रात्रींत एकदम आले, हे त्याला सांगता येणार नाही. पहिल्या स्थितीत लक्ष ठेवायचं असतं, दुसरीत धावपळ करायची असते.

खुंटी: मोटारीचं बटण दाबलं की. जागा: स्टार्टरच्या पेटीशेजारून निघणारा बांध. कृती: दोन सापळे बघायचे, पतंग मोजायचे, मोजलेले काढून टाकायचे (नाही काढले तर उद्याची मोजणी खोटी), आकडा लिहायचा. पाच मिनिटांचं काम. किमान माप: एकच सापळा. रात्रीच्या पाळीत मोटार चालू करताना अंधार असतो, तर त्या आठवड्यापुरती खुंटी ‘मोटार बंद केली की’ अशी बदलावी. पण ती पाळी सुरू होण्याआधी लिहून ठेवावी, ऐन वेळी नव्हे. आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं फोडून बघावीत. दोनांत अळी सापडली म्हणजे १० टक्के, आणि फवारणीचा निर्णय सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून लगेच घ्यावा.

वहीसोबत पेन्सिल ठेवा, पेन नको. सकाळच्या दवाने कागद ओलसर झाला की बॉलपेन उठत नाही, पेन्सिल उठते. पेन्सिलीला वरून खाच पाडून सुतळीने वही आणि पेन्सिल एकत्र बांधावी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीशेजारच्या खिळ्याला टांगावी. पेटीच्या आत, वायरिंगजवळ ठेवू नये. वही घरी ठेवली तर ‘आकडा लक्षात आहे, संध्याकाळी लिहू’ असं होतं, आणि संध्याकाळी ७ होते की ९ यावर स्वतःशीच वाद.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हीच रीत ठिबकला लावता येईल: मोटार सुरू झाली की सँड फिल्टरचा ५ मिनिटं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं), आणि रोज एक वेगळी ओळ चालून बंद पडलेले ड्रिपर बघणं. ड्रिपर एका दिवसात तुंबत नाहीत, म्हणूनच रोज बघणाऱ्याला ते वेळेत सापडतात.

पायरी ४: सामान हाताशी, मोह लांब

यात फार काही सांगण्यासारखं नाही. पुस्तक ट्रंकेत असेल तर वाचन होणार नाही, बूट माळ्यावर असतील तर धाव होणार नाही. रात्री झोपण्याआधी उद्याचं सामान खुंटीच्या जागी ठेवा. फोनवर अभ्यास करत असाल तर रील्सचं ॲप काढूनच टाका, नोटिफिकेशन बंद करून भागत नाही. आणि घरच्यांना एकदा सांगून ठेवा, ‘ही १० मिनिटं मला हाक मारू नका.’ न सांगता रुसून बसणं हे सवय मोडण्याचं जुनं निमित्त आहे.

पायरी ५: खूण करा, रविवारी मोजा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर किमान माप झालं तर उभी रेघ, पूर्ण झालं तर फुली, काहीच झालं नाही तर गोल. खूण कृती झाल्याबरोबर करायची. रविवारी फक्त गोल मोजायचे. आठवड्यात २ पर्यंत गोल: चालू ठेवा. ३ किंवा जास्त, तेही सलग दोन आठवडे: खुंटी चुकली आहे किंवा किमान माप मोठं आहे. आधी खुंटी तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. स्वतःला शिव्या देऊन काही दुरुस्त होत नाही.

एकट्याने रेघा ओढण्यापेक्षा कुणाला तरी दाखवणं बरं. पार्कवर रोज दिसणारा ओळखीचा माणूस ‘काय भो, दोन दिवस दिसला नाही?’ एवढंच विचारतो, पण तिसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. दिवसभर शिकवून रोज अंक लिहिणं सोपं नव्हे, पण वाचणारी मुलं त्याच इमारतीत होती आणि अंक निघाला नाही तर त्यांना लगेच कळणार होतं. तुम्हालाही तसा एखादा बघणारा हवा. मात्र तो टोमणे मारणारा नसावा.

पायरी ६: खाड्याचे दिवस आधीच हेरा

खान्देशात सवय कधी मोडणार हे बरंचसं आधी सांगता येतं: लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाईचा उत्सव, पोळा, कापसाची वेचणी, आणि मे महिन्यातले होरपळीचे दिवस. कॅलेंडरवर हे दिवस आत्ताच पेन्सिलने घेरून ठेवा आणि प्रत्येकासमोर ‘किमान’ असं लिहा. कानबाईच्या रोटांच्या दिवसांत घरातल्या बाईने १० पानं वाचावीत ही अपेक्षाच चूक आहे; अर्ध्या पानावर उभी रेघ मारावी आणि पुढे जावं.

उन्हाळ्यात चालणं-धावणं सूर्योदयाच्या आत संपवा. ते जमणार नसेल तर त्या दिवशी घरातच १०-१० मिनिटांच्या तीन फेऱ्या, पंख्याखाली. दुपारी बाहेर पळून जिद्द दाखवू नये. उष्माघात जिद्द बघत नाही. संध्याकाळी गच्चीवर चालायचा बेतही एप्रिल-मेमध्ये फसतो, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेलाच असतो.

आणि खाडा पडलाच तर एकच नियम: सलग दोन दिवस नाही. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरूही नये. ४० प्रश्नांचं ओझं बघून तिसरा दिवसही बुडतो.

पैशाची सवय: थोडा वेगळा हिशेब

रोज ५० रुपये म्हणजे महिन्याला १,५००. पोस्टाच्या ५ वर्षांच्या आवर्ती ठेवीत (आरडी) ६.७ टक्के दर धरला तर भरलेल्या ९०,००० चे सुमारे १,०७,००० होतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, खातं उघडताना चालू दर विचारावा. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या १५ पर्यंत, १६ पासून पुढे उघडलं तर महिनाअखेरपर्यंत भरायचे. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे १ रुपया दंड, आणि ४ हप्ते चुकले तर खातं खंडित होतं. महिन्याच्या सुरुवातीला पगार होत असेल तर १५ च्या आत उघडा, शेवटी पैसे येत असतील तर १६ नंतर. एवढी एक गोष्ट नीट जुळली तरी चुकणारे बरेच हप्ते वाचतात.

डब्यात साठवलेले रोजचे पैसे महिनाभर घरात ठेवू नका, आखाजीच्या खरेदीत जातात. बाजाराच्या दिवशी बँकेत टाका. शेतकऱ्याकडे रोज रोकड नसते, कापसाचा पैसा येतो तो एकदम. त्याने दूध डेअरीचं बिल मिळालं की त्यातला ठरलेला वाटा बाजूला काढावा, खुंटी तीच. भिशीबद्दल: तिच्यात व्याज नाही आणि सगळा भरवसा माणसांवर, म्हणून मोठी रक्कम तिथे अडकवू नये. पण भिशीचा हप्ता सहसा कुणी चुकवत नाही, कारण तारीख ठरलेली असते आणि बघणारे असतात. महिला बचत गट तेवढ्याच ताकदीवर चालतात.

३ महिन्यांनंतर

‘रोज १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल’ असा संदेश तुम्हाला आला असेल. गणित बरोबर आहे, माणसाला लावणं चूक. पैसा सुरुवातीला हळू वाढतो आणि पुढे वेग घेतो. कौशल्याचं उलट: पहिल्या दोन महिन्यांत धावेची वेळ झपाट्याने कमी होते, मग एका जागी अडते. पैशाची सवय असेल तर पहिली दोन वर्षं ‘काहीच दिसत नाही’ म्हणून हप्ता बंद करू नका. कौशल्याची असेल तर अडल्यावर माप न वाढवता पद्धत बदला: तेच २० प्रश्न, पण वेळ लावून; तीच धाव, पण आठवड्यातले दोन दिवस छोटे वेगाचे टप्पे घेऊन.

सवय बसली की नाही याची खूण सोपी आहे. खुंटी झाली आणि कृती केली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. तसं व्हायला लागलं, आणि सलग ४ रविवार गोल २ च्या आत राहिले, तर पूर्ण माप चौथाईने वाढवा. किमान माप मात्र आहे तेवढंच राहू द्या, वर्षभरानंतरही.

दुसरी सवय मग धरावी, वेगळ्या खुंटीवर. पहिल्याच खुंटीवर दुसरी टांगली की घाईच्या दिवशी दोन्ही एकदम पडतात. पहिली सकाळच्या चहावर असेल तर दुसरी डब्यावर किंवा दिव्यावर घ्या, आणि नव्या सवयीच्या खुणा कॅलेंडरवर वेगळ्या रंगाने करा.